भाऊ योजनेत लागतोय. त्याची तब्येत सुधारेल का?

नागपुरातल्या दिघोरीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. धाकटा भाऊ २५ वर्षांचा, बी.एस्सी. झालेला. आधी पोलीस भरती केली, मैदानात निघाला पण लेखीत राहिला. मग सरळसेवेचे फॉर्म, मधे एक वर्ष एमपीएससीची अभ्यासिका. आता पहाटे तीनला झोपतो, अकराला उठतो. वजन वाढलंय, खर्रा सुटत नाही, लग्नकार्याला येत नाही, कुणी दोन शब्द बोललं की अंगावर येतो. परवा मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत, म्हणजे विद्यावेतन घेत कामाच्या जागी प्रशिक्षण देणाऱ्या सरकारी योजनेत, त्याची निवड झाली. आई म्हणते, ‘एकदा कामाला लागला की आपोआप सुधरते.’ ताईंना विचारायचंय की खरंच तसं होतं का, की आधी डॉक्टरकडे न्यावं, आणि घरच्यांनी लक्ष कशावर ठेवावं.

ताई, आईचं म्हणणं अर्ध्याहून जास्त खरं आहे. त्यातलं ‘आपोआप’ तेवढं काढून टाका. मी मानसोपचार क्षेत्रातली समाजकार्यकर्ती आहे. नागपुरात कौशल्य प्रशिक्षणाच्या बॅचेससोबत आणि त्यातून बाहेर पडलेल्या पोरापोरींसोबत माझं काम चालतं. त्यातून झालेलं मत आधीच सांगून टाकते. अशा कार्यक्रमाने तब्येत सुधारायची असेल तर ती पहिल्या महिना-दोन महिन्यांतच सुधारताना दिसते, आणि ढासळते ती बहुतेक वेळा कार्यक्रम संपल्यावर. घरचे मात्र सगळा जोर सुरुवातीला लावतात. पेढे वाटतात, नवे बूट घेतात, आणि शेवटच्या महिन्याकडे कुणाचंच लक्ष नसतं.

आधी थोडं मुळाशी जाऊ. बेकारीने माणूस आजारी पडतो, की आजारी माणसालाच काम मिळत नाही? दोन्ही होतं, आणि म्हणूनच या विषयावरची बरीचशी आकडेवारी फसवी असते. योजनेत जाणारी पोरं मुळातच जरा धडधाकट असतात. ज्याला अंथरुणातून उठवत नाही तो फॉर्मच भरत नाही. मग योजनेतली पोरं घरी बसलेल्यांपेक्षा बरी दिसली तर त्यात योजनेचं श्रेय किती मानायचं?

तरी काही गोष्टी आता पक्क्या झाल्यात. कार्ल पॉल आणि क्लाउस मोझर या दोघांनी २००९ मध्ये जगभरातले शेकडो अभ्यास एकत्र करून तपासले. बेकारांमध्ये मानसिक त्रास असणाऱ्यांचं प्रमाण ३४ टक्के निघालं, काम असणाऱ्यांमध्ये १६ टक्के. त्याच त्या माणसांचा वर्षानुवर्षं माग ठेवलेल्या अभ्यासांतही काम गेलं की मन खचतं आणि मिळालं की सावरतं, हे दिसलं. उत्तर स्वीडनमधल्या लुलेओ शहरात १९८१ साली नववी संपवणाऱ्या मुलामुलींचा चाळिशी उलटेपर्यंत पाठपुरावा झाला. तरुणपणी बेकार राहिलेल्यांच्या मनावरचा परिणाम त्यांच्या वयाच्या ४२ व्या वर्षीही दिसत होता. त्यामुळे ‘वय आहे, निघून जाईल’ म्हणत सोडून द्यायची ही गोष्ट नाही.

आता बिघडतं नेमकं काय? याचं सगळ्यात चांगलं उत्तर मला अजूनही ऑस्ट्रियातल्या मारियनथालच्या अभ्यासात सापडतं. तिथली कापडगिरणी १९२९-३० च्या सुमारास बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल यांच्या पथकाने गावात राहून पाहणी केली आणि १९३३ मध्ये ती छापली. लोकांकडे आता वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून जाणारी पुस्तकं जवळपास निम्म्यावर आली. पथकाने रस्त्यावरून जाणाऱ्यांचा वेग घड्याळ लावून मोजला. पुरुष रेंगाळत, थांबत थांबत चालत. बायका भराभर, कारण घरचं काम काही बंद पडलं नव्हतं. पुढे याहोडाबाईंनी यावरूनच मांडलं की नोकरी पगाराखेरीजही बरंच देते: दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, चारचौघांच्या कामात आपलाही हात, समाजात एक ओळख, आणि हातपाय हलवायला कारण. बेकारीत हे सगळं एकदमच हातचं जातं. पैसा बाप देतो, भाऊ देतो. बाकीचं कोण देणार?

आपल्याकडच्या पोरांना तर यात एक जास्तीचा मार बसतो. तो म्हणजे ‘काय करून राह्यला सध्या?’ हा प्रश्न. किराण्यात, पानठेल्यावर, साक्षगंधात, वरातीत, जो भेटेल तो हेच विचारतो. तुमचा भाऊ लग्नांना येत नाही तो माणूसघाणा झाला म्हणून नव्हे, या एका प्रश्नाला चुकवतोय म्हणून. ‘अभ्यास चालू आहे’ हे उत्तर पहिलं वर्ष पुरतं. तिसऱ्या वर्षी ते देताना त्याचाच आवाज खाली जातो.

म्हणून योजनेचा पहिला फायदा विद्यावेतन खात्यात यायच्या आधीच सुरू होतो. हिंगणा रोडकडचा एक मुलगा एका कार्यालयाच्या अभिलेख कक्षात प्रशिक्षणाला होता. काम काय, तर जुन्या फायलींना क्रमांक घालायचे आणि नोंदवहीत चढवायचे. कंटाळवाणं काम, शिकण्यासारखं फार नाही. पण दुसऱ्याच आठवड्यात तो एक दिवस गेला नाही तेव्हा तिथल्या बाबूंचा फोन आला, ‘काहून आला नाही बे आज? बरा आहेस ना?’ तो मला सांगत होता की दोन वर्षांत आपल्या न येण्याने कुणाचं काही अडलं, असं पहिल्यांदाच झालं. त्याचा रक्तदाब किंवा हिमोग्लोबिन त्या फोनने बदललं नाही. पण त्यानंतर तो उशिरापर्यंत जागायचं टाळू लागला, कारण सकाळी साडेनऊला तिथे कुणीतरी आपली वाट बघणार हे त्याला ठाऊक होतं. एरवी गोळ्या देऊनही जे साधत नाही ते अशा वेळी साधतं.

हा परिणाम खरा की आपल्या मनाचे खेळ, हे तपासण्याची एक प्रामाणिक रीत आहे. जागा कमी आणि अर्ज जास्त असतील तर चिठ्ठ्या टाकून निवड करायची आणि निवडलेले व राहिलेले यांची पुढे तुलना करायची. न्यूयॉर्कच्या उन्हाळी युवा रोजगार कार्यक्रमाचा असा अभ्यास गेल्बर, आयझन आणि केस्लर या अर्थतज्ज्ञांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांना काम मिळालं त्यांची पुढच्या वर्षांतली कमाई वाढली नाही, उलट तीनेक वर्षं थोडी कमीच राहिली. पण त्यांच्यात तुरुंगात जाण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण मात्र घटलं. शिकागोतही सेरा हेलर यांना अशाच सोडतीत दिसलं की केवळ एका उन्हाळ्याच्या कामाने पुढच्या १६ महिन्यांत हिंसक गुन्ह्यांतल्या अटका ४३ टक्क्यांनी कमी झाल्या. नागपूर म्हणजे शिकागो नव्हे, तिथल्या बंदुकांचा प्रश्न इथे नाही. पण नोकरी लावून देण्यात अपुरा पडलेला कार्यक्रमही जीव वाचवू शकतो, ही गोष्ट आपल्याकडच्या आढाव्यांत कधी येतच नाही. तिथे एकच रकाना असतो: किती जण कायम झाले.

खरं तर महाराष्ट्राला हे नवीन वाटायला नको. वि. स. पागेंच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना आणि १९७२ च्या दुष्काळातली सरकारी कामं यांनी लाखो घरांत अन्न पोचवलं. काम देणं हा आरोग्याचाच उपाय आहे हे तेव्हा कुणाला वेगळं सांगावं लागलं नव्हतं. फरक एवढाच की तेव्हा प्रश्न उपासमारीचा होता, आणि तुमच्या भावाच्या बाबतीत तो झोपेचा, खर्ऱ्याचा आणि खालावलेल्या मनाचा आहे.

आता घरच्यांनी काय बघायचं त्याकडे येते.

झोप आधी धरा. काम सुरू व्हायच्या आदल्या रात्री ‘आज लवकर झोप’ म्हणून काही होत नाही. तीनला झोपणाऱ्याला दहाला झोप येणारच नाही, तो पलंगावर मोबाईल बघत पडेल. उठण्याची वेळ आधी ओढायची. आठ-दहा दिवस आधीपासून रोज अर्धा तास अलीकडे उठवा, आणि उठल्यावर लगेच बाहेर उजेडात पाठवा. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडाने लागतं. झोपेची वेळ दोन-तीन दिवसांच्या अंतराने मागोमाग येते. तुमच्या भावाची एक जमेची बाजू आहे. भरतीच्या १६०० मीटरसाठी त्याने पाय घडवलेत. धावणं एकदम थांबलं आणि जेवण तेवढंच राहिलं, की वजन चढणारच. सकाळी वीस मिनिटं जरी तो पुन्हा मैदानावर गेला तरी झोप, वजन आणि मन, तिन्हीवर काम होतं. मात्र ‘भरतीची तयारी कर’ असं म्हणून पाठवू नका. त्याला फक्त धावू द्या.

खर्रा. बाहेरगावच्या वाचकांसाठी: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीवर घोटून केलेला हा प्रकार विदर्भात पोरं दिवसाला तीन-तीन, चार-चार खातात. बंदीचे आदेश निघतात, पानठेले चालूच राहतात. कर्करोगावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने नुसत्या सुपारीलाही २००४ मध्येच कर्करोगकारक ठरवलंय, तंबाखू तर आहेच. त्याआधीची पायरी म्हणजे तोंड उघडेनासं होणं. गालाच्या आतलं अस्तर पांढुरकं, चामड्यासारखं होत जातं आणि तिखट लागलं की आग होते. घरीच बघता येतं. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमधून आत जातात का? दोनच जात असतील तर मेडिकलच्या (म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा. आकसलेलं तोंड पूर्ण पूर्वीसारखं होत नाही, पण खर्रा थांबवला तर पुढचं नुकसान रोखता येतं.

रोजगार कार्यक्रमाने खर्रा कमी होतो का? मला दोन्ही दिसतं. जिथे सुपरवायझर स्वतः खात नाही, आणि कामाच्या जागी खाऊ देत नाहीत, तिथे पोरांचं प्रमाण महिन्याभरात निम्म्यावर येतं. जिथे चहाची सुटी म्हणजेच खर्ऱ्याची सुटी असते आणि सगळी ओळखपाळख पन्नीभोवतीच होते, तिथे न खाणाराही शिकतो. हातात स्वतःचा पैसा आल्याने वाढलेलंही पाहिलंय. म्हणून पहिल्या पंधरवड्यातच त्याला सहज विचारा, तिथे सोबतचे लोक काय खातात. सोडायचं त्याने मनावर घेतलं तर तंबाखूमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, फोन फुकट लागतो.

पैशाचं बोलू. या योजनेत बारावीवाल्याला महिन्याला ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८,०००, आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरलेलं आहे. तुमच्या भावाला १०,००० मिळतील. २०२४ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा मुदत ६ महिने होती, २०२५ मध्ये ती ११ महिन्यांपर्यंत नेली गेली. त्यानंतर तिथेच कायम होण्याची हमी नाही. कुठलीही योजना असो, विद्यावेतन हजेरीवर आणि बँक-आधार जोडणीवर अवलंबून असतं, आणि ते लांबू शकतं हे धरूनच चाला. दिघोरीहून बुटीबोरी किंवा हिंगणा एमआयडीसीत जागा मिळाली आणि रोजचे पेट्रोल-चहा-नाश्त्याचे शंभर रुपये धरले, तर २५ दिवसांचे अडीच हजार होतात. विद्यावेतन दोन महिने आलं नाही की तेच पाच हजार उधारीवर जातात. एकाकडून घेतले, दुसऱ्याला दिले, मग मोबाईलवरचं झटपट कर्ज, मग त्यांच्या वसुलीचे फोन. मन सावरायला निघालेला मुलगा दुप्पट खचून घरी बसतो. यावर साधा उपाय आहे. दोन महिन्यांचा प्रवासखर्च घरातून आधीच बाजूला काढून त्याच्या हाती द्या, आणि हे उसने नाहीत असं स्पष्ट सांगा.

गाडीने जाणार असेल तर हेल्मेटवर भांडा. तरुणाच्या जिवाला कामापेक्षा वर्धा रोड जास्त धोक्याचा आहे. पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत, जी २०२४ मध्ये २१ ते २४ वयासाठी सुरू झाली, जीवनज्योती आणि सुरक्षा विमा सरकारतर्फे मिळतो. भाऊ त्या योजनेत नाही. त्याला सुरक्षा विमा बँकेतून स्वतः काढता येतो, वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा. आणि पुढे तो अप्रेंटिस म्हणून कुठे लागला तर लक्षात ठेवा, १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखालचा उमेदवार ईएसआयचा, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेचा, सभासद नसतो. पण कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी त्याच कायद्याच्या कलम १६ नुसार मालकाचीच असते. हे कारखान्यात कुणी आपणहून सांगत नाही.

काम कसलं आहे, यावर तर बरंच काही ठरतं. ‘काही का असेना, घरी बसण्यापेक्षा बरं’ हे वाक्य मला पटत नाही, आणि त्याला आधार आहे. ऑस्ट्रेलियात पीटर बटरवर्थ आणि सहकाऱ्यांनी हजारो माणसांचा वर्षानुवर्षांचा तपशील पाहून २०११ मध्ये दाखवलं की बेकारीतून वाईट कामात गेलेल्यांचं मानसिक आरोग्य बेकार राहिलेल्यांपेक्षाही जास्त घसरलं. वाईट म्हणजे अंगमेहनतीचं किंवा कमी प्रतिष्ठेचं नव्हे. कामाचा ताण प्रचंड, स्वतःच्या हातात काहीच नाही, उद्याची खात्री नाही आणि मेहनतीच्या मानाने मोबदला अन्यायाचा, हे चार एकत्र आले की ते काम वाईट. वसुलीच्या कॉल सेंटरमध्ये दिवसभर शिव्या खाणारी आणि संध्याकाळी टार्गेटवरून पुन्हा शिव्या खाणारी मुलं मी बघते. पहिल्या महिन्यात त्यांचा चेहरा खुलतो, तिसऱ्या महिन्यात त्यांना फोनची रिंग ऐकवत नाही. त्याउलट गॅरेजमध्ये ग्रीसमध्ये बरबटलेला, पण उस्ताद नीट शिकवतो आणि हाताखालची गाडी सुरू होताना बघतो, असा मुलगा तग धरतो. भावाला ‘काम आवडलं का’ असं विचारू नका. ‘अडलं तर कुणाला विचारतोस?’ असं विचारा. याला उत्तर म्हणून एखादं नाव आलं तर निम्मी काळजी मिटली.

कारखाना असेल आणि सुरुवात मार्च ते मे मधली असेल तर उन्हाचं वेगळं सांगावं लागेल. नागपूरकरांना वाटतं आपल्याला सवय आहे. पण कूलरसमोर तीन वर्षं काढलेल्या शरीराला ती सवय राहिलेली नसते. उष्माघात कामाच्या पहिल्या काही दिवसांतच जास्त गाठतो. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेचा सल्ला असा की नव्या कामगाराला पहिल्या दिवशी उष्ण जागेत पूर्ण पाळीच्या २० टक्केच वेळ द्यावा आणि रोज फार तर तेवढाच वाढवावा. इथे असं कुणी मोजून देत नाही. म्हणून निदान पाणी, ओआरएस आणि पहिल्या आठवड्यात ओव्हरटाइमला नकार, एवढं तरी पाळावं.

विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचाही विचार करावाच लागतो. वाहक असलेला तरुण बहुतेक सगळी कामं करू शकतो. पण ज्याला प्रत्यक्ष आजार आहे त्याला पाणी कमी पडणं, अति श्रम, तीव्र थंडी यांतून असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. पोरं हे लपवतात, कळलं तर काढून टाकतील म्हणून. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्यामुळे कामाची जागा किंवा पाळी बदलून मागायला आधार आहे. घरात कुणाला हा आजार असेल आणि भावाची तपासणी झाली नसेल तर रुजू होण्याआधी करून घ्या. सरकारी रुग्णालयात सोय आहे.

प्रश्न भावाचा आहे, तरी मुलींबद्दल दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. मारियनथालच्या बायकांसारखंच आपल्याकडे बेकार मुलगी ‘रिकामी’ कधी नसतेच. प्रशिक्षणाला लागली तरी सकाळचा स्वयंपाक तिचाच, त्यामुळे तिची झोप सुधारायच्या ऐवजी तासाभराने कमी होते. कामाच्या जागी स्वच्छतागृह धड नसेल तर मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि मग लघवीच्या जळजळीच्या तक्रारी घेऊन येतात. तरीही दूरचा फायदा मोठा आहे. रॉबर्ट जेन्सन यांनी उत्तर भारतातल्या खेड्यांत केलेला प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. काही गावं चिठ्ठीने निवडून तिथे तीन वर्षं मुलींसाठी बीपीओ, म्हणजे कॉल सेंटरसारख्या कार्यालयांतल्या, नोकऱ्यांची माहिती आणि भरतीची मदत पोचवली. त्या गावांत १५ ते २१ वयाच्या मुलींची लग्नं आणि बाळंतपणं लांबली. शाळकरी मुलींचं वजनही त्यांच्या उंचीच्या मानाने सुधारलं, म्हणजे घरच्यांनी त्यांच्या खाण्यापिण्याकडे, तब्येतीकडे जास्त लक्ष दिलं. ताटात भर पडली ती पुढे कधीतरी मिळू शकणाऱ्या नोकरीच्या आशेवर.

आधी डॉक्टर की आधी काम? दोन्ही बरोबर. ‘पूर्ण बरा होऊ दे, मग पाठवू’ हा विचार अगदी गंभीर मानसिक आजारातही मागे पडलाय. अमेरिकेत १९९० च्या दशकापासून रुजलेली पद्धत म्हणजे उपचार चालू ठेवून माणसाला खऱ्याखुऱ्या कामात लवकर बसवायचं आणि आधार द्यायला सोबत एक माणूस ठेवायचा. तिचे परिणाम ‘आधी प्रशिक्षण, मग काम’पेक्षा चांगले आलेत. तुमच्या वर्णनावरून भावाची बरीचशी लक्षणं बेकारीच्या दिनक्रमाची वाटतात, पण लिहिलेल्यावरून निदान होत नाही. रुजू झाल्यावरही सलग दोन आठवडे कशातच रस नाही, जेवण तुटलेलं, पहाटे जाग येऊन छातीत धडधड, ‘मी ओझं झालोय’ अशी भाषा, यांपैकी काही दिसलं तर मेडिकलच्या मानसोपचार विभागात न्या. मरणाचा विषय काढला तर थांबू नका, त्याला एकटं सोडू नका आणि सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं.

घरच्यांच्या वागण्याबद्दल थोडं. पहिल्याच आठवड्यात ‘पर्मनंट करतील का?’ विचारू नका. ‘कामाला लागला, आता दोनाचे चार करून टाकू’ हे तर मुळीच नको. ११ महिन्यांच्या विद्यावेतनावर लग्न लावलेल्या मुलाचं पुढे काय होतं ते माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांना विचारा. आणि एखाद्या संस्थेने दोन तासांचं प्रेरणादायी व्याख्यान ठेवलं असेल तर जाऊ दे बिचाऱ्याला, नुकसान नाही, पण त्यातून काही अपेक्षा धरू नका.

अपेक्षा धरावी ती वेगळ्या प्रकारच्या तयारीकडून. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘जॉब्स’ नावाचा कार्यक्रम उभा केला. पंधरा-वीस बेकारांचा गट, दोन प्रशिक्षक आणि अर्ध्या-अर्ध्या दिवसाची पाच सत्रं, एवढंच. मुलाखतीचा सराव होताच, पण नकार आला तर दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचं, हेही तिथे प्रत्यक्ष घोटवून घेत. सोडतीने केलेल्या तुलनेत दोन वर्षांनीही नैराश्याचं प्रमाण कमी दिसलं, आणि सगळ्यात जास्त फायदा झाला तो आधीच खचलेल्यांना. फिनलंडमध्येही हा प्रयोग लागू पडला. आपल्याकडच्या योजनांत नेमकी हीच सत्रं नसतात, म्हणून ती घरीच थोडीफार घ्यावी लागतात, आणि योजना संपायच्या आधी.

संपायच्या आधी म्हणजे शेवटचे दोन महिने. प्रशिक्षण संपलं की दिनक्रम, माणसं आणि ओळख तिन्ही एकाच सोमवारी जातात. आधी चढलेला माणूस खाली आला की तो पूर्वीपेक्षा खोल जातो, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. ‘मला घेऊन बघितलं आणि ठेवलं नाही’ असा अर्थ तो लावतो, योजनेची मुदतच तेवढी होती हे त्याच्या लक्षातच राहत नाही. म्हणून नवव्या महिन्यात त्याच्यासोबत बसून कागदावर मांडा. अनुभवाचं प्रमाणपत्र तिथल्या साहेबांच्या सहीशिक्क्यासह संपायच्या आधीच हातात घ्यायचं, कारण नंतर चकरा माराव्या लागतात आणि त्या चकरा फार लागतात मनाला. महास्वयंम या राज्य सरकारच्या रोजगार पोर्टलवरची नोंद नव्या अनुभवासह दुरुस्त करायची. अप्रेंटिसच्या पोर्टलवर अर्ज टाकायचे. ज्याचं नाव तो ‘अडलं तर विचारतो’ म्हणून सांगायचा, त्या माणसाला स्वतः भेटून पुढे कुठे जागा असेल तर सांगा म्हणायचं. नागपुरात बऱ्याच नोकऱ्या अजून अशाच ओळखीतून लागतात.

आणि योजना संपल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी साडेनऊला त्याला कुठेतरी जायचंच असेल, अशी सोय आधीच करून ठेवा. मामांच्या दुकानात हिशेब लिहायला, आयटीआयच्या एखाद्या छोट्या कोर्सला, नाहीतर त्याच अभ्यासिकेत, पण आता अर्धा दिवसच. उरलेला अर्धा दिवस अर्ज आणि मुलाखतींसाठी. उठायची वेळ मात्र तीच राहू द्या. हा महिना-दीड महिना निभावला की पुढचं काम मिळायला वेळ लागला तरी तो पहाटे तीनच्या झोपेकडे सहसा परत जात नाही.